एकवीस दिवसांची खुर्ची

फोन आला तेव्हा नूतन गवार मोडत बसली होती. सोमवारची सकाळ, साडेनऊची वेळ. नंबर अनोळखी होता. नवीन प्लॉट हवाय का विचारणारा कुणीतरी असेल आणि त्याला झापता येईल, एवढ्या आशेने तिने तो उचलला. पलीकडे एक मुलगी होती. आवाज तरुण, स्वच्छ, घोटून घेतलेला. "मॅडम, मी किमया, रोह्याहून बोलतेय. आमचं बांबूकामाचं ट्रेनिंग सेंटर सुरू होतंय. शिकवायला गडबच्या गिरजाबाई म्हणून एक मावशी आल्यात. त्या तुमच्याकडे अकरा वर्षं होत्या ना?" नूतनच्या हातातली शेंग मोडायची राहिली. "होती," ती म्हणाली. "आणि का गेली तेही तुम्हाला कळलं असेल." "हो, सगळेच सांगतात. त्यांनी अवस टाळून चांदण्यात बांबू तोडला, त्याला भुंगा लागला आणि तुमच्या हॉटेलच्या ऑर्डरीतल्या चाळीस खुर्च्या वाया गेल्या. पण त्या म्हणतात, त्याच तोडीतली एक खुर्ची तुमच्या घरी आहे. ती जाऊन बघा. किडली असेल तर तोड माझी चुकली, मी निमूट घरी जाते. चांगली असेल तर तोड चांगली होती. मॅडम, मला तरी ते बरोबर वाटतं. गुरुवारी अकरा वाजता आम्ही दोघी येऊन बघितली तर चालेल का?"

"या," नूतन म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आपण असं का म्हणालो हे तिला कळेना. नको म्हणायला कारण लागतं आणि कारण सुचायला वेळ लागतो, एवढंच झालं होतं. गवार तशीच ताटात टाकून ती हॉलमध्ये आली. खुर्ची गॅलरीच्या दाराशी होती. तीन वर्षं तिथेच होती, कारण पेणच्या स्टँडमागच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिला दुसरी जागा नव्हती. तिच्यावर ओले कपडे वाळत पडत, त्यांच्या घड्या होत, पुन्हा कपडे पडत. बसत कुणी नव्हतं. नूतनने कपड्यांचा ढीग उचलून दिवाणावर टाकला आणि खुर्ची उघडी पडली. पिकल्या पेरूच्या सालीसारखा तिला रंग चढला होता. पाठ नेहमीच्या खुर्चीपेक्षा जास्त कललेली, उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं उंच. एकाच माणसाच्या अंगाने बेतलेली खुर्ची, म्हणून दुसऱ्या कुणाला ती धड वाटायचीच नाही. नूतन गुडघ्यांवर बसली. खालून हात फिरवला, पायांच्या बुंध्याशी बघितलं. भुंगा लागलेल्या बांबूखाली रोज सकाळी चिमूटभर पिवळट पीठ पडतं, ते तिला चांगलं माहीत होतं. फरशी स्वच्छ होती. त्या स्वच्छ फरशीचा तिला असा राग आला की ती उठली आणि फडकं घेऊन जिथे काहीच नव्हतं ती जागा पुसून काढली.

राग यायला तिला फार लागत नसे, हे तिच्या ओळखीतलं कुणीही सांगेल. शेड चालू होती तेव्हा हा राग कामाला यायचा, एवढाच फरक. गडबच्या पुढे खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिची शेड होती आणि पाटी तिने स्वतः रंगवली होती: बांबू, वेत, काथ्या, करवंटी, प्लास्टिक नाही, रसायन नाही, खिळा नाही. गोव्याकडे जाणारी माणसं गाडी थांबवून ती पाटी वाचत, खुर्च्यांत बसून बघत, करवंटीचे दिवे हातात घेऊन उलटेसुलटे करत, आणि मग हे टिकतं का असं विचारत. नूतन सांगे. रोह्याच्या मास्तरांची मुलगी, मुंबईला इंटिरिअरचा कोर्स केलेली, तिला समजावून सांगण्याची हौस दांडगी. वेळू अवसेच्या आसपास तोडायचा, तेव्हा त्यातला गोडवा उतरलेला असतो. मग खाडीच्या पाण्यात एकवीस दिवस दगडांखाली दाबून ठेवायचा, की उरलासुरला गोडवाही पाण्यात जातो. भुंगा त्या गोडव्याला येतो. खायला नाही तर तो कशाला येईल? हे ती अशा ठसक्यात सांगे की हे सगळं आपल्याला गिरजाबाईने शिकवलं, याचा तिला खरोखरच विसर पडे. गिरजाबाई तिथेच बसलेली असे. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात बांबूचं कांबट धरून कोयतीने सोलत असे. ती ऐके आणि मान वर करत नसे. तिने एकदा जरी म्हटलं असतं की बाई, हे मी सांगितलं, तरी नूतनला तिच्याशी भांडता आलं असतं. ती काही बोलायचीच नाही. गिरजाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून दिवस मोजायची तिची एक रीत होती. वेळू पाण्यात टाकले की काठावरच्या खुंटीला ती सुतळी बांधी आणि रोज भरतीच्या वेळी तिला एक गाठ मारी. एकवीस गाठी झाल्या की सुतळी सोडून पाण्यात द्यायची, मग वेळू बाहेर. हीही रीत नूतन गिऱ्हाइकांना सांगे, आणि त्यांना ती फार आवडे.

अलिबागकडच्या एका हॉटेलने चाळीस खुर्च्या मागितल्या, नाताळाच्या आत, तेव्हा तोड दिवाळीच्या अवसेला झाली. फराळ घरात सोडून, गिरजाबाई धरून, नऊ बाया बांबूच्या बेटात शिरल्या होत्या; तोड ती सांगेल तशी होई. वेळू जास्त लागले म्हणून तोड अवसेनंतरही दोन दिवस चालली. हे दोन दिवस नूतनने पुढे फार जपले. तेव्हा मात्र ती त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. तोड झाली, वेळू पाण्यात गेले, आणि नवव्या दिवशी सकाळी ती खाडीवर जाऊन म्हणाली, काढा. गिरजाबाई नववी गाठ मारत होती. "बाई, अजून बारा हायत," ती म्हणाली. "उन्हात जास्त वाळवू," नूतन म्हणाली. "उन्हानं गोड जात नाय." "गिरजाबाई, खुर्च्या तू विकतेस का मी?" त्यावर ती उठली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून दगड बाजूला करू लागली. सुतळी खुंटीलाच राहिली. नऊ गाठींची ती सुतळी पुढे आठवडाभर वाऱ्यावर हलत होती, आणि शेवटी नूतननेच ती तोडून टाकली, कारण शेडमधून उभं राहिलं की ती दिसे.

खुर्च्या वेळेत गेल्या. मार्चमध्ये हॉटेलचा माणूस परत आला. त्याने कागदाची पुडी उघडून नूतनच्या टेबलावर ठेवली. पिवळट पीठ. "रोज सकाळी झाडतोय आम्ही," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या कपड्यांना लागतंय. हेच का तुमचं नैसर्गिक?" तो मोठ्याने बोलत होता आणि बायांचे हात थांबले होते. नूतनला आठवत होतं ते एवढंच की तिच्या कानांत गरम वारा शिरल्यासारखं झालं, आणि मग तिचाच आवाज तिला ऐकू आला. "तोड चुकली. अवस उलटून गेल्यावर तोडलं. गिरजाबाई, मी कितीदा सांगितलं होतं तुला?" गिरजाबाईने मान वर केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने नूतनकडे सरळ बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. नऊ गाठी म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. ती म्हणाली नाही. मांडीवरची सालपटं झाडून ती उठली आणि चालती झाली. कोयती तिथेच राहिली. मग हॉटेलने सगळ्या खुर्च्या परत पाठवल्या, पाटी वाचून थांबणारेही कुठून कुठून ऐकून थांबेनासे झाले, पावसाळ्याआधी शेड बंद झाली. उरलेल्या आठ बायांनी आपल्या पोटावर पाय आला तो गिरजाबाईमुळेच, असं धरलं. सरू म्हणून एक होती, गिरजाबाईची सख्खी शेजारीण. तिने म्हणे तिच्या अंगणाकडे तोंड करून थुंकणं सुरू केलं. नूतनला हे कुणीतरी बाजारात सांगितलं होतं. ऐकून तिला बरं वाटलं होतं. इतक्या जणी म्हणतात त्या अर्थी ते खरंच असणार, असं तिने धरलं, आणि तीन वर्षं त्यावर ती सुखाने झोपली. सुखाने नाही, पण झोपली.

ही एक खुर्ची मात्र चाळिसातली नव्हती. ती मोरेश्वरची. मोरेश्वर म्हणजे तिचा नवरा, डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, मूळ गडबचा. त्याच्या मणक्यात गाठ निघाली ती त्याच वर्षी, गणपतीनंतर. ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत त्याला साध्या खुर्चीत बसवेना. गिरजाबाई एके दिवशी, न बोलावता, गडबहून एसटीने या घरी आली. मोरेश्वरला उभं करून वितीने त्याची पाठ मोजली, खांदा मोजला, उठताना तो भार कुठल्या हातावर टाकतो ते बघितलं. "वयनी, तिरडीचं माप घेतेस का गो?" मोरेश्वर म्हणाला आणि दोघं हसली. नूतन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसू आलं नाही. तिच्याशी मोरेश्वर असं कधी बोलला नव्हता. तिच्याशी तो जपून, शुद्ध, मास्तरांच्या जावयाला शोभेलसं बोलायचा. बावीस वर्षं तो तिच्यासमोर इस्त्री केल्यासारखा वावरला होता, आणि आता मरायला टेकल्यावर त्याच्या तोंडून ते गो, ते हाय-नाय, असं सुटत होतं की नूतनला आपण परक्या घरात आल्यासारखं झालं. तो तिला वयनी म्हणे आणि ती त्याला भावजी. त्यात काही वावगं नव्हतं, गावच्या नात्याने ती त्याची वहिनीच लागायची. वावगं असतं तर बरं झालं असतं, नूतनला निदान बोट ठेवता आलं असतं. हॉटेलचे वेळू नवव्या दिवशी पाण्यातून काढल्यावर संध्याकाळी मोरेश्वर पडल्या पडल्या म्हणाला, "माझ्या खुर्चीचे सहा वेळू अजून पाण्यात हायत. वयनीचा फोन होता. त्यांची सुतळी वेगळी बांधलीय, एकवीस दिवस झाल्याबिगर काढणार नाय म्हणाली." तो खुशीत होता. नूतनला वाटलं आपल्या थोबाडीत बसली. आपल्या हुकमाने सगळे वेळू बाहेर आले असताना त्या बाईने सहा परस्पर मागे ठेवले होते, आणि ते आपल्याच नवऱ्यासाठी. खुर्ची झाली, आली, मोरेश्वर तिच्यात दोन महिने बसला. दुखणं थांबलं नाही, पण त्या खुर्चीत तो विव्हळत नसे. फेब्रुवारीत तो गेला. पुडी घेऊन हॉटेलचा माणूस आला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. नूतनने गिरजाबाईला जे काही केलं त्याला दुःखाची सवलत द्यावी, असं कुणी म्हणेल. तिने स्वतः ती कधी मागितली नाही. आपण चुकलोच नाही म्हटल्यावर सवलत कशाची मागायची?

मंगळवार तिने भुंगा शोधण्यात घालवला. शोधण्यात म्हणजे, असावा म्हणून. खुर्ची गॅलरीत उन्हात ओढली, उलटी केली, पाय वर करून ती पडली तेव्हा नूतनला क्षणभर लाजल्यासारखं झालं. एकेक सांधा तिने चष्मा लावून बघितला. बांबूच्याच सालीची बांधणी, फेऱ्यावर फेरा, शेवटचं टोक आत असं दडवलेलं की सापडू नये. गिरजाबाई टोक नेहमी डावीकडे दडवी, बाकीच्या उजवीकडे. नूतनने नखाने एक टोक उकरायचा प्रयत्न केला आणि नखच तुटलं. भिंतीला कान लावावा तसा तिने खुर्चीच्या पायाला कान लावला. आत भुंगा असला की कुरकुर ऐकू येते. खालून रिक्षावाल्यांचा कालवा येत होता, शेजारच्या गॅलरीत कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या पसरत होतं आणि तिला शिंक आवरत नव्हती. वेळूच्या आत काही नव्हतं. त्या पोकळीत काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं तिला गिरजाबाईच्या न बोलण्यासारखं वाटलं. तीन वर्षं कपडे वाळत घालून, ओल्या टॉवेलांखाली दडपून ठेवलेली ही वस्तू, हिला एक भोक पडू नये? सागवानाच्या कपाटाला वाळवी लागली होती, मोरेश्वरच्या पुस्तकांना कसर लागली होती, नूतनच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका. आणि ही मेली जशीच्या तशी. दोन दिवस अवसेनंतर तोड झाली होती ना? मग? याच्यातला निदान एक वेळू तरी त्या दोन दिवसांतला असेल. ती ज्याला धरून उभी होती ते हे दोन दिवस, आणि ही खुर्ची तेवढंही तिला द्यायला तयार नव्हती. सहाच्या सहा वेळू निरोगी. गुरुवारी ती घोटीव आवाजाची पोरगी येईल, बघेल, आणि संध्याकाळपर्यंत रोह्यापासून गडबपर्यंत सगळ्यांना कळेल की तोड चांगली होती. मग उरतं काय? मग उरतात नऊ गाठी.

बुधवारी ती बाजारात गेली. हार्डवेअरच्या दुकानात तिने ड्रिलचा सगळ्यांत बारीक बिट मागितला. "भिंतीत नाय चालायचा, ताई, मोडेल," दुकानदार म्हणाला. "भिंतीत नाही मारायचाय," ती म्हणाली, इतकी तोडून की त्याने पुढे विचारलं नाही. मोरेश्वरचं ड्रिल मशीन माळ्यावर होतं, त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं. गॅलरीचं दार लावून ती दुपारी बसली. पहिल्या भोकाला वेळ लागला. वेळूची साल कडक, बिटचं टोक तिच्यावरून घसरे, चरा पडे. मग एकदम आत गेलं आणि वास आला. ओल्या गवताचा, खाडीच्या चिखलाचा, शेडमधल्या सकाळचा. तीन वर्षं कोंडलेला वास त्या सुईएवढ्या भोकातून बाहेर आला आणि नूतनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पुसून तिने दुसरं पाडलं. तिला ही कामगिरी जमत होती, हे तिच्या लक्षात आलं आणि त्यात तिला एक दुष्ट मजा वाटू लागली. पायांना नऊ. बैठकीच्या खालच्या दांड्याला पाच. उंच हाताच्या खालच्या बाजूला तीन. मग तिने टोक पाठीला लावलं, जिथे मोरेश्वरचे खांदे टेकत तिथे, आणि बटण दाबायच्या आधीच हात काढून घेतला. नको, तिथे नको. पाठीला कशाला, एवढी पुरेत, असं ती स्वतःशी म्हणाली. मग थंड चहात कापूस बुडवून तिने प्रत्येक भोकाची कड जुनी केली. खाली पडलेला भुगा थोडा झाडला, थोडा राहू दिला.

गुरुवारी दोघी अकराच्या ठोक्याला आल्या. किमया पंचविशीची, पाठीवर सॅक, कुर्ता, हातात वही. गिरजाबाई तिच्या मागे. ती वाळली होती. केस कपाळापासून पांढरे झाले होते, पण चालणं तेच, पाण्यात चालल्यासारखं संथ. चपला तिने दाराबाहेर काढून ठेवल्या आणि आत येऊन भिंतीशी उभी राहिली. "बस," नूतन म्हणाली. "बरी हाय." चहा किमयाने घेतला, गिरजाबाईने घेतला नाही. मोरेश्वरच्या फोटोकडे तिने एकदा बघितलं, हात जोडले नाहीत, नुसतं बघितलं.

"हीच ना ती?" किमया खुर्चीजवळ उकिडवी बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज उतरला. "मावशी, इथे भोकं आहेत हो. खाली पावडरपण आहे." ती मोबाइल काढून फोटो घेऊ लागली. तिला वाईट वाटत होतं, हे लपवायची कला तिला अजून यायची होती. नूतनने खांदे उडवले. "मी काय म्हणत होते? मला कुणाचं वाईट करायची हौस नाही, पण आहे ते आहे. या खुर्चीचे बांबू एकवीस दिवस पाण्यात होते. विचारा तिलाच."

"एकवीस होते," गिरजाबाई म्हणाली. "मीच गाठी मारल्या."

"मग एकवीस दिवस ठेवूनही किडली, म्हणजे तोडच चुकली, नाही का?" नूतन म्हणाली. तिला आपला आवाज आवडला. किमयाने वहीत काहीतरी लिहिलं.

गिरजाबाई पुढे आली आणि खाली बसली. तिने आधी खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला, बराच वेळ, आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा. मग वाकून एका भोकावरून अंगठा फिरवला. दुसऱ्यावरून फिरवला. खालचा भुगा चिमटीत घेऊन चोळला. नूतन बघत होती. गिरजाबाईने मान वर केली नाही. ती किमयाशी बोलली.

"पोरी, हात कर. हे चोळून बघ. टोचतंय ना? भुंग्याचं पीठ मैद्यासारखं असतं, टोचत नाय. आणि हे बघ, इथं बोट लाव. कड आत दबलेय. भुंगा वरनं सालीतनं आत शिरत नाय, त्याचा दात लागत नाय सालीला. तो कापल्या तोंडातनं जातो आणि आतनं खात भायेर येतो. त्याच्या भोकाची कड भायेर असते. ही भोकं भायेरनं आत गेलेत."

"म्हणजे मी खोटं बोलते?" नूतन म्हणाली.

"मी तसं कुठं म्हणाले, बाई?" गिरजाबाई उठून उभी राहिली. "मी शिकलेली नाय. माझं चुकत असंल. एक पाय फोडून बघू. भुंगा असंल तर आत पीठ भरलेलं दिसंल, पोरीला पण कळंल. माझी कोयती तुमच्याकडं हाय."

कोयती स्वयंपाकघरात होती, ओट्याखालच्या खणात. नूतन तिने नारळ फोडायची. ती आत गेली, खण उघडला, आणि तिथेच उभी राहिली. नळ गळत होता. सोमवारची गवार सुकून फ्रिजवर तशीच होती. कोयती हरवली असं सांगता येईल. सांगता येईल की मला या वयात असले तमाशे नकोत, निघा. पण तिला जे दिसत होतं ते वेगळंच होतं: खुर्चीचा पाय उभा चिरतोय, वेळू फोडताना येतो तो कडाड आवाज येतोय, आणि आत पांढरं, कोरं, काहीही नसलेलं. आणि खुर्ची तीन पायांवर कलंडलीय. ती कोयती घेऊन बाहेर आली. गिरजाबाईने ती घेतली, धारेवरून अंगठा फिरवला. धार गेली होती. "फोडू?" तिने विचारलं. "तुमची वस्तू हाय. तुम्ही हो म्हणा."

किमया वही मिटून बघत होती. खाली स्टँडवर कंडक्टर रोहा, रोहा असं ओरडत होता. नूतनला वाटलं आपण हो म्हटलंय. तोंडातून मात्र निघालं ते, "नको. यांची खुर्ची आहे ती."

"ठाव हाय मला," गिरजाबाई म्हणाली. "म्हणून तर इचारलं."

किमयाने वही उघडली, मघाशी लिहिलेल्या दोन ओळींवर काट मारली आणि पेन बंद केलं. नूतनकडे तिने बघितलं नाही. थँक्यू मॅडम, असं ती चहाच्या कपाला म्हणाली आणि सॅक उचलून जिन्याकडे गेली. गिरजाबाईने कोयती पदरात गुंडाळली. आता ती बोलेल, असं नूतनला वाटलं. तीन वर्षांचं सगळं, सरूचं थुंकणं, नऊ गाठी, सगळं ओकेल, आणि नूतनने त्यासाठी दात आवळून तयारी केली. तिला ते हवं होतं. एकदाचं दोन्ही बाजूंनी भांडण झालं असतं. गिरजाबाईने दारात चपला पायांत सरकवल्या, मग वळून पुन्हा खुर्चीकडे बघितलं.

"पाठ सोडलीत," ती म्हणाली. "बरं केलंत." आणि जिना उतरून गेली.

शिवी दिली असती तर नूतनने ती परत केली असती. या चार शब्दांचं काय करायचं ते तिला कळेना. दिवसभर ते तिच्या दातांत अडकल्यासारखे राहिले. त्या बाईला दिसलं होतं. बटणावर ठेवलेला आणि काढून घेतलेला हात तिला दिसला होता, जिथे कुणी नव्हतं त्या दुपारी ती जणू भिंतीशी उभी होती. नूतनने दार लावून घेतलं, खुर्चीला एक लाथ घातली आणि पायाचं बोट धरून खाली बसली.

गिरजाबाई रोह्याच्या सेंटरला रुजू झाली, हे बाजारात कळायला आठवडाही लागला नाही. सरूने तिच्या दारात नारळ ठेवला म्हणे. कुणीतरी नूतनला मोबाइलवर फोटो दाखवला: दहाबारा मुली, मध्ये गिरजाबाई, हातात सुतळी, गाठ कशी मारायची ते दाखवतेय. "तुमच्याकडच्याच ना या?" त्या बाईने विचारलं. "होत्या," नूतन म्हणाली आणि भेंडीचा भाव विचारला.

तिला एक गोष्ट मात्र माहीत होती, जी त्या दोघी विसरल्या होत्या. वेळूची साल फोडली की भुंग्याला वाट मिळते. आता त्या खुर्चीला सतरा वाटा होत्या. मार्च होता, भुंग्याचे हेच दिवस. नूतनने स्टेशनरीच्या दुकानातून काळा कागद आणला, खुर्चीखाली पसरला, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली. पीठ पडलं तर काळ्यावर लगेच दिसेल. कपडे तिने आता दोरीवर वाळत घातले. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती कागद बघायची. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. नवव्या दिवशी तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. येऊ दे, असं ती मनात म्हणत होती, एक तरी येऊ दे, चिमूटभर. मग मीच रोह्याला जाईन, कागद तिच्या पुढ्यात ठेवीन, बघ म्हणेन. भुंगा आला नाही. दारं सताड उघडी होती आणि आत त्याच्यासाठी खायला काही नव्हतं. ते सगळं तेव्हाच खाडीच्या पाण्यात गेलं होतं, एकेका गाठीला थोडं थोडं.

एकविसाव्या दिवशी सकाळी तिने कागद उचलून गॅलरीच्या उजेडात धरला. त्यावर तिचाच एक पांढरा केस होता. तो तिने फुंकरीने उडवला, कागद पुन्हा खुर्चीखाली सरकवला, वजनं नीट ठेवली. मग, मोरेश्वर गेल्यापासून पहिल्यांदाच, ती त्या खुर्चीत बसली. पाठ तिला फार मागे पडली, उजवा हात उंच लागला. "उद्या तरी," ती मोठ्याने म्हणाली.